तात्यांचा बुक्का आणि क्लॅरिटीचा स्लायडर

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. वय ऐंशीच्या पुढं, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पांढरी टोपी, कपाळाला गोपीचंदन आणि त्यावर बुक्का. चेहरा असा की हातात कॅमेरा नसला तरी बघत बसावं. मागच्या दिवाळीत सासवडजवळ आमच्या गावी गेले होते तेव्हा ते ओसरीवर दाराच्या कडेला बसून सुपारी कातरत होते, अंगणात ऊन पडलेलं आणि त्याचा उजेड दारातून आत येऊन त्यांच्या डाव्या गालावर, उजवा गाल मात्र अर्धाअधिक अंधारात. म्हटलं हा फोटो सोडायचा नाही. पाच-सहा काढले, त्यातला एक खरंच जमला.

मग रात्री गोधडीत पडल्या पडल्या मोबाईलवर एका ऍपमध्ये तो उघडला आणि घाण केली. आधी ऑटो रिटच दाबलं, मग ड्रामॅटिक नावाचा कुठलातरी फिल्टर, मग क्लॅरिटी शंभरवर, मग घरच्या ग्रुपवर पाठवून झोपले. सकाळी चुलत बहिणीचा मेसेज, "तात्या कोळशाच्या वखारीत कामाला लागले का?" आणि तात्यांनी नातवाच्या फोनवर फोटो बघून एकच विचारलं, "माझा बुक्का कुठंय?"

ऍपने बुक्का पुसला होता! त्याला तो डाग वाटला. कपाळ प्लॅस्टिकच्या बादलीसारखं गुळगुळीत आणि त्याच्या खाली गाल काजळी फासल्यासारखे.

त्यानंतर दोन-तीन महिने रोज रात्री त्याच एका फोटोवर प्रयोग करत बसले, फोटोशॉपमध्ये, गिंप नावाच्या तसल्याच एका सॉफ्टवेअरमध्ये, मोबाईलवरसुद्धा, आणि हळूहळू कळलं की हे ड्रामॅटिक पोर्ट्रेट वगैरे जे म्हणतात त्यात आत नक्की काय चालतं. ते इथे सांगते, माझ्यासारखेच स्लायडर ओढून हात पोळलेले बरेच असणार.

आधी हा लूक आला कुठून ते. चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसते, आजूबाजूला अंधार, रंग उडाल्यासारखे, माणूस एकदम पुराणातला वाटायला लागतो, असे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. वीसेक वर्षांपूर्वी आन्द्झेइ द्रागान नावाच्या पोलिश माणसाचे असे फोटो इंटरनेटवर गाजले, हा माणूस पेशाने भौतिकशास्त्रज्ञ आहे बरं का, फोटोग्राफर नंतर. त्याच्या नावावरून लोक त्याला ड्रॅगन इफेक्ट म्हणायला लागले आणि मग जो तो आपल्या आज्याला ड्रॅगन करत सुटला. फिल्टर, ऍक्शन, प्रीसेट सगळं निघालं. पण फिल्टरला गाल कुठला आणि भिंत कुठली हे कळत नाही, तो सगळ्यांना एकाच चाबकाने हाकतो.

आता मुख्य गोष्ट, आणि ही समजली की बाकी निम्मं आपोआप सुटतं. कॉन्ट्रास्टला, म्हणजे उजेड-अंधारातल्या फरकाला, आकार असतो.

म्हणजे कसं, की गावाकडचं नांगरलेलं शेत डोळ्यापुढं आणा. लांबून बघितलं तर एक बाजू उन्हात आणि एक बाजू डोंगराच्या सावलीत, हा झाला मोठा कॉन्ट्रास्ट. जरा जवळ गेलात की बांध आणि सऱ्या दिसतात, एकीकडून उजळ एकीकडून काळ्या, हा मधला. आणि पार खाली वाकून बघितलं की ढेकळं, प्रत्येक ढेकळाची आपली बारीक सावली, हा बारीक. चेहऱ्याचंही तसंच आहे. डावा गाल उजेडात उजवा अंधारात हा मोठा, गालफडाखालचा खळगा, डोळ्याखालची पिशवी, नाकापासून ओठापर्यंत येणारी घडी हा मधला, आणि त्वचेची छिद्रं, दाढीचे खुंट, भुवईचे केस हा बारीक. सॉफ्टवेअरमधलं जवळपास प्रत्येक हत्यार यातल्या कुठल्यातरी एका आकाराला हात घालतं, आपल्याला फक्त कुठल्या आकाराला ते माहीत नसतं म्हणून आपण सगळेच ओढतो. कर्व्ह (म्हणजे उजेड-अंधाराची रेघ ओढून वाकवायचा आलेख) किंवा कॉन्ट्रास्टचा स्लायडर मुख्यतः मोठ्यावर चालतो, क्लॅरिटी मधल्यावर, शार्पनिंग बारकावर.

आणि शेताचंच उदाहरण घेतलंय तर हेही बघा, भर दुपारी बारा वाजता तेच शेत सपाट दिसतं, संध्याकाळी ऊन तिरपं आलं की ढेकूळ न् ढेकूळ उठून येतं. शेत तेच. म्हणून जो फोटो समोरून फ्लॅश मारून काढलाय त्यात तुम्ही कितीही ड्रामा घाला, तो नंतर फासलेलाच दिसणार, कारण सावल्याच नाहीत तर ओढणार काय? तात्यांच्या फोटोत दाराचा उजेड बाजूने आला होता, उजव्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण पण पडला होता, त्याला रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात, सतराव्या शतकातल्या त्या डच चित्रकाराच्या नावावरून. मी तो मुद्दाम पाडला वगैरे काही नाही, तात्या सुपारीकडे बघायला वळले आणि पडला.

आता क्लॅरिटी. हिने माझा पहिला घात केला म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलते. हा स्लायडर आत काय करतो तर फोटोची एक धूसर कॉपी बनवतो, मूळ फोटो आणि धूसर कॉपी यांच्यात कुठे किती फरक आहे ते बघतो, आणि तो फरक परत मूळ फोटोत वाढवून घालतो. प्रत्येक कंपनीची अंमलबजावणी वेगळी असेल पण मूळ कल्पना ही. कॉपी थोडीशीच धूसर केली तर फरक फक्त बारीक गोष्टींचा निघतो, ते झालं शार्पनिंग. कॉपी चांगली पन्नासेक पिक्सेलने धूसर केली तर फरक मधल्या आकाराचा निघतो, ती झाली क्लॅरिटी. दोघी सख्ख्या बहिणी. फोटोशॉपमध्ये शार्प करण्याच्या फिल्टरचं नाव अनशार्प मास्क असं उलटं का आहे हा प्रश्न मला कॉलेजपासून होता, तर ते डार्करूममधून आलंय. तेव्हा निगेटिव्हची मुद्दाम धूसर अशी पॉझिटिव्ह कॉपी बनवायचे आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून प्रिंट काढायचे, त्या धूसर कॉपीला अनशार्प मास्क म्हणायचे.

यातून दोन भानगडी होतात. एक म्हणजे जिथे गडद आणि पांढरं एकदम शेजारी आहे तिथे प्रभावळ तयार होते. तात्यांची पांढरी टोपी आणि मागे आतल्या खोलीचं काळोखं दार, मी क्लॅरिटी शंभर केल्यावर टोपीच्या कडेला आतून असा उजळ पट्टा आणि त्याला लागून दारावर अजून काळा पट्टा आला की जसं काही कॅलेंडरवरचे संत. दुसरी भानगड जास्त नाजूक आहे. सॉफ्टवेअरला फक्त आकार कळतो, कारण कळत नाही. गालफडाखालची सावली हाडामुळे आहे आणि तिच्या शेजारचा काळसर चट्टा उन्हाने रापल्यामुळे आहे, दोन्ही साधारण एकाच आकाराचे, मग ते दोन्ही सारखेच वाढवतं. आपल्याला हवा असतो चेहऱ्याचा घाट, आणि त्याच्यासोबत फुकटात येतात वांग, लालसर चट्टे, डोळ्याखालचं काळं. म्हणून चेहरा मळका दिसतो. कोळशाची वखार इथून आली.

मग करायचं काय, तर क्लॅरिटी घालायची पण मास्कमधून. फोटोवर त्याचीच कॉपी दुसरा थर म्हणून ठेवा (या थराला लेयर म्हणतात), तिच्यावर पूर्ण एकदा लावा, लेयरचा मास्क, म्हणजे त्याचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा, काळा करून सगळं झाका आणि पांढऱ्या ब्रशने जिथे हवी तिथेच उघडा. मी ती दाढीवर, हातांवर, माळेच्या मण्यांवर आणि सदऱ्याच्या चुण्यांवर दिली. गालांवर अगदी नावाला. हात विसरू नका हं, म्हाताऱ्या माणसांचे हात चेहऱ्याइतकेच बोलतात, तात्यांच्या अंगठ्यावर अडकित्त्याचा घट्टा आहे तो त्या फोटोत मला सगळ्यात आवडतो.

दुसरा घोटाळा रंगाचा. तुम्ही कर्व्हला इंग्रजी एस सारखा बाक दिलात, उजेड वर सावली खाली, की कॉन्ट्रास्ट तर येतो पण चेहरा शेंदूर फासल्यासारखा होतो. का? कारण फोटो म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आकडे प्रत्येक पिक्सेलला, आणि कर्व्ह त्या तिघांना वेगवेगळा खेचतो. कातडीत लाल सगळ्यात जास्त असतो म्हणून तो वर ढकलला जातो, निळा सगळ्यात कमी म्हणून तो अजून खाली जातो, अंतर वाढलं की रंग भडकतो. उपाय एका क्लिकचा आहे, त्या कर्व्ह लेयरचा ब्लेंड मोड, म्हणजे वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते, नॉर्मलवरून ल्युमिनॉसिटी करा. मग तो फक्त उजेड-अंधार बदलतो, रंग जवळपास जिथल्या तिथे. मला हे कळलं त्या दिवशी मी आधीचे सगळे फोटो उघडून बघितले आणि सगळ्या लग्नांमधले सगळे मामा शेंदरी होते.

आता हे तीन चॅनेल एकेक करून नुसते बघा, खरंच बघा, चॅनेल्सच्या पॅनलमध्ये क्लिक केलं की दिसतात. लाल चॅनेलमध्ये तात्या दहा वर्षांनी तरुण, चेहरा उजळ, डाग गायब. हिरव्यात साधारण जसे आहेत तसे. निळ्यात एकदम शंभर वर्षांचे, प्रत्येक चट्टा काळा आणि वर खरखर. ही काही जादू नाही. लाल उजेड कातडीत खोल जातो, आत पसरतो आणि बाहेर येतो, त्यामुळे सगळं मऊ दिसतं, निळा आणि हिरवा मात्र रक्तात आणि कातडीच्या रंगद्रव्यात जास्त शोषला जातो. लहानपणी टॉर्चवर तळहात ठेवून बोटं लाल झालेली बघितलीत ना, तेच. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं ते प्रसिद्ध चित्र आठवा, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, बाई हातात दिवा घेऊन उभी आणि दुसऱ्या हाताने ज्योत झाकलीये, त्या बोटांमधून जो तांबूस उजेड झिरपतो तो हाच, आणि तो जलरंगात काढलाय, सॉफ्टवेअर-बिफ्टवेअर काही नाही. खरं सांगायचं तर ड्रामॅटिक लाईट शिकायला एवढं एक चित्र बास आहे. चित्रात उजेड एकच, येतो कुठून ते दिसतंय, आणि बाकीचं सगळं त्याच्या हुकमात.

चॅनेलचा उपयोग ब्लॅक अँड व्हाईट करताना होतो. ब्लॅक अँड व्हाईटच्या लेयरमध्ये लाल-पिवळा वर नेला तर चेहरा मऊ आणि उजळ, खाली नेला तर राकट. जुन्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म असायची तिला लाल रंग दिसायचाच नाही, त्यामुळे तिच्यात माणसांचे ओठ आणि चेहरे काळेसावळे, रापलेले यायचे. म्हणजे आपण आज स्लायडर डावीकडे ओढून जे करतो ते तेव्हाच्या फिल्मच्या खोडीने आपोआप व्हायचं. तात्यांच्या फोटोला मी लाल थोडाच खाली घेतला. जास्त घेतला की ओठ काळे पडतात, आणि तंबाखू न खाणाऱ्या माळकऱ्याचे ओठ काळे दाखवले तर आमच्याकडे महाभारत होईल.

आता खरं काम, डॉज आणि बर्न. सगळा ड्रामा इथे होतो, आणि याला शॉर्टकट नाही. ही पण डार्करूमची नावं. कागदावर प्रिंट पडत असताना काडीला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा उजेडात धरून एखादी जागा झाकायची, तिथे उजेड कमी पडतो, म्हणून ती प्रिंटमध्ये उजळ राहते, हे डॉज. आणि हाताची मूठ पोकळ करून तिच्या भोकातून एकाच जागी जास्त उजेड सोडायचा, ती जागा काळी होते, हे बर्न. फोटोशॉपमध्ये त्या टूल्सची चित्रं बघा, एक काडीवरची चकती आहे आणि एक वळलेला हात, मी कित्येक वर्षं त्या चकतीला लॉलीपॉप समजत होते.

पण ती टूल्स थेट फोटोवर फिरवायची नाहीत. नवा लेयर घ्यायचा, त्यात ५० टक्के राखाडी भरायचा आणि मोड ओव्हरले किंवा सॉफ्ट लाईट करायचा. गंमत अशी की या मोडमध्ये मधला राखाडी म्हणजे शून्य, काहीच दिसत नाही, त्याच्यापेक्षा उजळ काही असेल तर खालचा फोटो उजळतो, गडद असेल तर काळवंडतो. मग मऊ कडेचा ब्रश, फ्लो, म्हणजे एका फटक्यात किती रंग पडतो ते, पाच टक्क्यांच्या आसपास, पांढरा आणि काळा रंग, आणि बसा. एका फटक्यात काही दिसत नाही, दहा फटक्यांत दिसायला लागतं, भिंतीला चुन्याचे हात देतात तसं. चुकलं तर परत राखाडी फासा, मूळ फोटोला धक्का नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ओव्हरलेमध्ये पूर्ण पांढऱ्या जागेवर काळा ब्रश कितीही फिरवा, ती ढिम्म हलत नाही. फोटो काढतानाच टोपी जळली असेल, म्हणजे तिन्ही चॅनेल २५५ ला, सगळ्यात वरच्या आकड्याला, टेकले असतील, तर तिच्यात परत सुतं-चुण्या आणता येत नाहीत, तिथे माहितीच नाही. म्हणून एक्स्पोजर टोपीला बघून घ्या, चेहरा थोडा काळा आला तर चालतो. आणि दुसरं, ओव्हरलेमध्ये गडद करत गेलं की रंग पण भडकतो, गालावर तांबडे ठिपके उठतात, म्हणून बरेच जण राखाडी लेयरऐवजी एक उजळ आणि एक गडद असे दोन कर्व्ह लेयर घेऊन त्यांच्या मास्कवर रंगवतात. मी पण आता तसंच करते.

कुठे फिरवायचा हा खरा प्रश्न. माझा पहिला प्रयत्न असा होता की जे उजळ आहे ते अजून उजळ आणि जे काळं ते अजून काळं, सगळीकडे, प्रत्येक सुरकुतीला. तीन तास घालवले. झूम आऊट केलं तर चेहरा म्हणजे चुरगळलेला पेपर. कारण मी प्रत्येक ढेकळाला समान मान दिला होता! मग सगळं पुसून आधी स्वतःला एक प्रश्न विचारला की उजेड कुठून येतोय, दारातून, डावीकडून, किंचित वरून. म्हणजे डावं गालफड, नाकाचा डावा उतार, कपाळाची डावी बाजू, खालच्या ओठाची वरची कड, हे उजळायचं. गालफडाखाली, नाकाच्या उजवीकडे, हनुवटीखाली, कानामागे, हे काळं करायचं. मधे जे आहे त्याला हात लावायचा नाही. कपाळावरच्या पाच आठ्यांपैकी ज्या दोन दारासमोर होत्या त्यांच्याच वरच्या कडा उचलल्या, बाकी तीन सोडून दिल्या. हे सगळं फोटो अगदी छोटा करून, स्क्रीनवर तळहाताएवढा ठेवून केलं. मोठ्या झूमवर फक्त बारीक साफसफाई.

आणि डोळे. डोळ्यांत सगळेच वाया जातात. मी दोन्ही डोळे सारखे उजळले तर अंधारातला उजवा डोळा मांजरासारखा चमकायला लागला. सावलीतला डोळा सावलीतलाच राहू द्यायचा. उजेडातल्या डोळ्यात दाराचं छोटं पांढरं प्रतिबिंब पडलेलं होतं, बुबुळाच्या एका वरच्या कोपऱ्यात. आता उजेड डोळ्याच्या फुगीर काचेतून आत शिरतो आणि पलीकडच्या बाजूला जाऊन पडतो, म्हणून बुबुळ उजळायचं तर त्या प्रतिबिंबाच्या बरोबर विरुद्ध बाजूला, खालच्या कोपऱ्यात, तेही एवढंसं. एवढं केलं आणि तात्या एकदम माझ्याकडे बघायला लागले. डोळ्यांचं पांढरं मात्र पांढरं करायचं नाही, ऐंशी वर्षांच्या माणसाचं ते थोडं पिवळसर, थोडं लाल असतंच.

अजून एक युक्ती, चेहरा उजळ करायचा असेल तर चेहरा उजळण्याआधी मागची भिंत गडद करून बघा. आपला डोळा उजेड मोजत नाही, शेजाऱ्याशी तुलना करतो. एमआयटीतल्या एडवर्ड ऍडेलसनचं १९९५ चं एक प्रसिद्ध चित्र आहे, बुद्धिबळासारखा पट आणि त्यावर पडलेली नळकांड्याची सावली, त्यातला उन्हातला काळा चौकोन आणि सावलीतला पांढरा चौकोन हे दोन्ही प्रत्यक्षात अगदी एकाच राखाडी रंगाचे आहेत, मोजून बघितल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. तेच वापरायचं. मी मागचं दार, कोनाडा, खुंटीवरची पिशवी, सगळं एक-दीड स्टॉप खाली घेतलं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), चेहऱ्याला काहीच केलं नाही, तरी बहीण म्हणाली चेहरा काय उजळलाय.

उजळण्यावरून आठवलं, थोडं विषयांतर. आपल्याकडे रिटचिंग म्हणजे गोरं करणं असं एक समीकरण होऊन बसलंय, लग्नाच्या अल्बममध्ये नवरी, करवली, मामी सगळ्या एका रंगाच्या, हात मात्र वेगळ्या रंगाचे. ड्रामॅटिक पोर्ट्रेटला तर सावळा-काळा रंग म्हणजे वरदान आहे, गडद कातडीवर उजेडाची जी चकाकी पडते, गालफडावर, नाकाच्या शेंड्यावर, तिच्यामुळेच घाट दिसतो. ती पावडर मारून किंवा स्लायडरने घालवू नका. तात्या काळे आहेत, फोटोत पण काळेच आहेत.

फ्रीक्वेन्सी सेपरेशन नावाचं एक प्रकरण तुम्ही ऐकलं असेल, नाव ऐकूनच लोक पळतात. पण वरचं आकाराचं गणित कळलं असेल तर यात काही नाही. फोटो दोन थरांत फोडायचा, खालच्या थरात धूसर कॉपी म्हणजे रंग आणि सावल्या, वरच्या थरात मूळ वजा धूसर, म्हणजे नुसता पोत, छिद्रं-खुंट-केस. दोन्ही एकत्र ठेवले की परत जसाच्या तसा फोटो. गिंपमध्ये वरच्या थरासाठी ग्रेन एक्स्ट्रॅक्ट आणि ग्रेन मर्ज असे तयार मोडच आहेत, फोटोशॉपमध्ये अप्लाय इमेजमधून वजाबाकी करून लिनियर लाईटवर ठेवायचं. फायदा असा की पोत न बिघडवता खालचा चट्टा पुसता येतो. पण हे लोक इतकं वापरतात की चेहरे मेणाचे होतात. मी फक्त कपाळावरचा तेलाचा एक मोठा चमकदार ठिपका या पद्धतीने कमी केला, बास. आणि हो, बुक्क्याच्या आणि गोपीचंदनाच्या भोवती आधी सिलेक्शन करून ते बाजूला ठेवलं, तिथे काहीही चालणार नाही असं.

फाईलबद्दल एक मिनिट. हे सगळे प्रयोग व्हॉट्सॲपवरून आलेल्या जेपीईजीवर करू नका. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि दाबून लहान करताना फोटो ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत तोडलेला असतो, क्लॅरिटी ओढली की त्या चौकटी फरशीसारख्या वर येतात आणि अंधाऱ्या भिंतीवर उजेडाचे पट्टे पडतात. कॅमेऱ्याच्या १४ बिट रॉ फाईलमध्ये, म्हणजे सेन्सरकडून आलेल्या कच्च्या फाईलमध्ये, १६,३८४ पायऱ्या असतात. पण त्यांची वाटणी फार विषम आहे, त्यातल्या निम्म्या, ८,१९२, एकट्या सगळ्यात उजळ स्टॉपमध्ये जातात, त्याच्या खालच्याला ४,०९६, त्याच्या खालच्याला २,०४८, असं करत सातव्या स्टॉपपर्यंत फक्त १२८ उरतात. म्हणून अंधारातून काहीतरी उकरून वर काढलं की खरखर येते आणि उजेडातलं खाली ढकललं तर येत नाही. ड्रामासाठी ही आपल्या फायद्याचीच गोष्ट आहे, आपल्याला नाहीतरी अंधारच वाढवायचा असतो.

सॉफ्टवेअर कुठलं, तर कुठलंही. फोटोशॉपला पैसे लागतात, गिंप फुकट आहे, आणि २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून त्यात फिल्टर लावल्यावर नंतर परत उघडून बदलता येतात, आधी ते जमत नव्हतं. मोबाईलवर स्नॅपसीडच्या ब्रशमध्ये पण डॉज-बर्न आहे, बोटाने. बोट जाड असतं एवढीच अडचण.

शेवटी रंग. सगळं झाल्यावर मी एकूण रंग साधारण तिसरा हिस्सा कमी केला, उजेडाच्या भागात किंचित पिवळसर आणि सावल्यांत किंचित निळसर छटा दिली, सिनेमात असते तशी. कडा थोड्या काळ्या केल्या. मग फाईल आठवडाभर बंद ठेवली, परत उघडून डॉज-बर्नच्या लेयरची ओपॅसिटी, म्हणजे तो किती दाट दिसतो ते, शंभरवरून पासष्टवर आणली, कारण रात्री बाराला जे भारी वाटतं ते सकाळी भडक असतं.

प्रिंट काढताना अजून एकदा फसले, स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फेकत नाही, त्यामुळे स्क्रीनवर ज्या सावलीत उजवा कान दिसत होता ती कागदावर नुसती डांबर झाली. मग सावल्या थोड्या उचलून पोस्टकार्ड साईजचे तीन नमुने काढले, एकापेक्षा एक उजळ, आणि मधला घेतला. बारा बाय अठरा, मॅट कागद, साधी काळी चौकट.

पाडव्याला घेऊन गेले. तात्यांनी हात लांब करून, मान मागे घेऊन, चष्म्यातून बघितलं. आधी बोट बुक्क्यावर ठेवलं, "हा, हाय." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "झ्याक झालाय. पर टोपीला नीळ जास्ती घातलीस गं."

बघितलं तर खरंच. सावल्यांत दिलेली ती निळसर छटा टोपीच्या सावलीतल्या अर्ध्या भागावर पण चढली होती, काळ्या भिंतीवर ती कुणाला दिसली नाही, पांढऱ्या खादीवर लगेच दिसली, आणि ऐंशी वर्षं स्वतःची टोपी स्वतः धुणाऱ्या माणसाला तर दिसणारच. रात्री तिथेच लॅपटॉप उघडला आणि मास्कवर टोपीपुरता काळा ब्रश फिरवला.